कुठल्याच कंपनीच्या पालखीचे भोई न होता पहिला कॉम्प्युटर कसा घ्यावा

पुतणीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. "लॅपटॉप कोणता घेऊ?" एवढंच तिने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं आणि अर्ध्या तासात घराण्यात उभी फूट पडली. आतेभाऊ म्हणाला, "इंटेलच घे, एएमडी तापतं." (दोन्ही कंपन्या कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, बनवतात.) पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, "आता इंटेल घेतं कोण?" मेव्हण्याने काही न लिहिता स्वतःच्या मॅकबुकचा फोटो टाकला. आणि थोरल्या काकांनी बजावलं, की एका अमुक कंपनीचं नावसुद्धा काढायचं नाही, कारण २०१२ साली घेतलेल्या त्यांच्या लॅपटॉपचं बिजागर दोन वर्षांत तुटलं होतं. रात्रीपर्यंत पुतणीने ग्रुप म्यूट केला होता.

गंमत अशी, की यात खोटं कोणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाने एकेक मशीन वापरलं होतं आणि त्यावरून अख्ख्या कंपनीचं जातक मांडलं होतं. पुतणीला मी पुढचे काही दिवस फोनवर जे सांगत गेलो, तेच इथे थोडं सावरून लिहितो आहे. पहिल्यांदा कॉम्प्युटर घेणाऱ्या कोणालाही चालेल. कोणतं मॉडेल घ्या ते यात नाही; मॉडेलं सहा महिन्यांत बदलतात.

पायरी पहिली: मतावरची तारीख वाचा

दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण बघतो, तशी सल्ल्यावरचीही बघायची. कोणी ठामपणे काही सांगितलं, की तीन प्रश्न विचारा: मॉडेल कोणतं, घेतलं कधी, त्यावर काम काय करता? निम्मी मतं या तीन प्रश्नांत गळून पडतात.

"एएमडी तापतं" हेच घ्या. २०११ साली एएमडीने बुलडोझर नावाची रचना आणली आणि ती सपशेल फसली. वेग वाढवण्याच्या नादात २०१३ मध्ये त्यांनी एफएक्स-९५९० हा २२० वॉटचा प्रोसेसर काढला. तो खरोखरच तापायचा. म्हणजे आतेभाऊ २०१३ सालचं सत्य सांगत होता. पण त्याच्या नऊ वर्षं आधी, २००४ साली, तापण्याबद्दल बदनाम होता तो इंटेलचा पेंटियम ४, आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ थंड डोक्याचा म्हणून नावाजला जायचा. २००६ मध्ये इंटेलने कोअर २ ड्युओ आणून डाव उलटवला. २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणून तो पुन्हा फिरवला. आणि २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले डेस्कटॉपचे तगडे प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे कायमचे बिघडत असल्याचं बाहेर आलं. कंपनीला दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) काढावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. एएमडीवाल्यांनी यावर टाळ्या पिटल्या. वर्षभरापूर्वी, २०२३ मध्ये, रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, जळाले होते, त्याचा त्यांना विसर पडला असावा.

हे सगळं पाठ करायचं नाही. कंपनी चांगली किंवा वाईट नसते, तिची एखादी पिढी चांगली किंवा वाईट निघते, एवढं ध्यानात राहिलं की पुरे.

दुसरी गोष्ट: माणूस स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूबद्दल बोलतो, तेव्हा तो थोडं स्वतःबद्दलही बोलत असतो. पदरी पडलं आणि पवित्र झालं. लाखभर रुपये घातल्यावर "जरा चुकलंच" असं म्हणायला मोठं मन लागतं. म्हणून वस्तू घेऊन दोन-तीन वर्षं झालेल्या माणसाचं मत जास्त मोलाचं. नव्याचे नऊ दिवस सरलेले असतात आणि बॅटरीने खरं रूप दाखवलेलं असतं.

आणि ज्या कंपन्यांसाठी आपण भाऊबंदांशी भांडतो, त्या आपसात किती भांडतात तेही बघा. आयबीएमने १९८१ साली पर्सनल कॉम्प्युटर आणला तेव्हा इंटेलच्या चिपला दुसरा पुरवठादारही हवा, असा आग्रह धरला. त्यातून एएमडीला इंटेलच्याच रचनेच्या चिप बनवण्याचा परवाना मिळाला. पुढे ६४ बिटची जी आज्ञावली आज इंटेलच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये चालते, ती २००३ मध्ये एएमडीने बाजारात आणलेली. म्हणूनच लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम उतरवताना फाइलच्या नावात 'एएमडी६४' दिसलं, तर इंटेलवाल्यांनी दचकू नये. ती फाइल त्यांचीही आहे. अ‍ॅपल डबघाईला आलेली असताना १९९७ मध्ये तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतवले ते मायक्रोसॉफ्टने. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ग्राफिक्सच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५०० कोटी डॉलर घालण्याचं जाहीर केलं. अ‍ॅपल, एएमडी, एनव्हिडिया या तिघींच्या मुख्य चिप तैवानच्या टीएसएमसी या एकाच कंपनीत तयार होतात, आणि आताशा इंटेलच्या काही चिपचे भागही तिथेच. वरच्या मजल्यावर चहापाणी चालू आणि खाली आपण बाह्या सरसावतोय.

पायरी दुसरी: काम कागदावर लिहा

मोबाइलवर नको, कागदावर. पुतणीने लिहिलं: "कोडिंग, असाइनमेंट, सिनेमे, थोडं गेमिंग." मी म्हटलं, कॉलेजात जा आणि वरच्या वर्गातल्या मुलांना विचार, की तुझ्या शाखेत चार वर्षांत कोणकोणती सॉफ्टवेअरं लागतात. ती मेकॅनिकलला आहे. उत्तर आलं: ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स. झालं, मेव्हण्याचा मॅकबुक तिथल्या तिथे बाद. मॅकबुक वाईट म्हणून नव्हे. सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं म्हणून.

काम आधी, त्याला लागणारं सॉफ्टवेअर नंतर, ते सॉफ्टवेअर ज्यावर चालतं ती ऑपरेटिंग सिस्टिम त्यानंतर, आणि यंत्र सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट्या टोकाने सुरुवात करतात.

कॉमर्सच्या मुलांना टॅली लागणार, म्हणजे विंडोज. मशीन लर्निंग शिकायचं असेल तर एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड सोयीचं, कारण त्या विषयातलं बरंचसं सॉफ्टवेअर तिच्या कूडा या व्यवस्थेवर बेतलेलं आहे. इथे एनव्हिडियाचा आग्रह धरण्याला कारण आहे, आणि कारण असलेल्या आग्रहाला माझी ना नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला मॅक खरोखर सुखाचा. आणि आजोबांना ईपेपर वाचायचा, नातवाशी बोलायचं आणि यूट्यूबवर कीर्तन ऐकायचं असेल, तर यातलं काहीही चालेल.

पायरी तिसरी: घरातलं जुनं मशीन आधी उघडा

ही पायरी दुकानदार सांगणार नाही. "पीसी फार स्लो झालाय, नवीन घ्यावा" असं वाटलं, की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्सच्या पानावर 'डिस्क' सारखी १०० टक्क्यांना चिकटलेली असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर गुन्हेगार सापडला. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपची डिस्क, बसवा. दहा वर्षं जुनं मशीनही दोन मिनिटांऐवजी पंधरा-वीस सेकंदांत उठून बसतं. मी आजवर नातेवाइकांचे जेवढे कॉम्प्युटर 'दुरुस्त' केले, त्यातल्या बहुतेकांत एवढंच केलंय, आणि त्या जोरावर घरात मला तज्ज्ञ समजतात.

'मेमरी' सतत ८०-९० टक्क्यांवर असेल, तर रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, कमी पडतेय. तीही बहुतेक जुन्या मशीनमध्ये वाढवता येते.

एक अडचण मात्र खरी आहे. विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा रायझन २००० मालिकेचा, नाहीतर त्यापुढचा. त्यामुळे चांगली धडधाकट मशीनं एका रात्रीत सोवळ्याबाहेर गेली. तुमचं बसतं का ते बघायला मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत साधन आहे. बसत नसेल तर भंगारात देण्याआधी पाचव्या पायरीपर्यंत थांबा.

पायरी चौथी: डब्यावरचं नाव वाचायला शिका

इथे थोडं रेंगाळू, कारण फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. दुकानात तुम्हाला "आय७ आहे, साहेब" एवढंच सांगतील. कोणता आय७? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी प्रोसेसरची नावं असतात.

पूर्ण नाव मागा, शेवटच्या अक्षरासकट. लॅपटॉपमध्ये 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारा, बॅटरी पुरवून खाणारा. 'एच' म्हणजे जोरकस, पण पंखा ऐकवणारा. इंटेलच्या तेराव्या पिढीत आय७-१३५५यू मध्ये मोठे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) २ आणि छोटे ८. त्याच पिढीच्या आय५-१३५००एच मध्ये मोठे ४ आणि छोटे ८. सॉलिडवर्क्ससारख्या जड कामाला हा 'धाकटा' आय५ त्या 'थोरल्या' आय७ ला मागे टाकतो. उलट दिवसभर प्रवासात टायपिंग करणाऱ्याला तो आय७ बरा. आता इंटेलने नावांतला 'आय' काढून टाकलाय आणि 'कोअर' व 'कोअर अल्ट्रा' अशा दोन पंक्ती केल्यात. 'अल्ट्रा' नसलेल्या कोअर ५ १२०यू सारख्या चिप म्हणजे तेराव्या पिढीचीच रचना नव्या झबल्यात.

एएमडीची चलाखी आणखी सुरस. रायझन ७००० च्या लॅपटॉप मालिकेत पहिला आकडा वर्षाचा आणि आतली रचना किती जुनी ते तिसऱ्या आकड्यात. रायझन ५ ७५४०यू मधला ४ म्हणजे झेन ४ (झेन हे एएमडीच्या रचनांचं नाव). पण रायझन ५ ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, जी २०१९ सालची रचना. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन डबे, दोन्हींवर 'रायझन ५', दोन्हींवर ७०००, आणि आत दोन पिढ्यांचं अंतर. याला बेकायदा कोणी म्हणणार नाही, पण सज्जनपणा म्हणजे हा नव्हे.

ग्राफिक्स कार्डातही तोच खेळ. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर बसवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला असते. नाव एकच, ताकद वेगवेगळी. म्हणून विचारा: "टीजीपी किती वॉट?" टीजीपी म्हणजे कार्डाला मिळणारी कमाल वीज. विक्रेता गोंधळला तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघडून तिथेच त्याच्यासमोर बघा. लाजायचं कारण नाही. भाजी घेताना आपण देठ मोडून बघतोच की.

रॅम १६ जीबी घ्या. ८ जीबीत आज भागतं, पण तीन वर्षांनी रडवेल. ती मदरबोर्डावर झाळलेली आहे की खाचेत बसवलेली, हे विचारा. झाळलेली असेल तर पुढे वाढवता येणार नाही, आजच पुरेशी घ्यावी लागेल. मॅकमध्ये ती वाढवता येतच नाही. अ‍ॅपलनेही मॅकबुक एअरचं ८ जीबीचं मूळ प्रमाण २०२४ च्या ऑक्टोबरात १६ वर नेलं. तोवर "मॅकचे ८ म्हणजे इतरांचे १६" असं छातीठोक सांगणारी मंडळी दुसऱ्या दिवशी निवांत होती.

पडद्याकडे कोणी बघतच नाही, वास्तविक रोज बघायचा तोच. १९२० बाय १०८० च्या खाली जाऊ नका. मराठी वाचणाऱ्याला याचं जास्त महत्त्व: १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात आणि दोन तासांनी डोळे चुरचुरतात. रंगांसाठी '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेला पडदा फिका असतो. '१०० टक्के एसआरजीबी' मिळाला तर बघा. उजेड ३०० निट्स असेल तर खिडकीशेजारी बसून काम होतं.

डेस्कटॉप जुळवून घ्यायचा असेल, तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. ग्रँट रोडला उतरायचं, तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्यायचं, आणि बघायचं की 'एसएमपीएस' (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) या ओळीपुढे कंपनी आणि मॉडेल लिहिलंय की नुसतं '५०० वॉट'. नुसतं असेल तर त्या दुकानाने पैसे तिथेच वाचवलेत. विजेचा भरवसा नसलेल्या गावात एसएमपीएसवर आणि यूपीएसवर काटकसर करू नका; बाकी कुठेही करा. मदरबोर्ड घेताना त्याचं सॉकेट (प्रोसेसर बसवायची खाच) पुढे किती चालणार तेही बघा. एएमडीचं एएम४ सॉकेट इतकं टिकलं, की २०१७ मध्ये घेतलेल्या अनेक बोर्डांवर बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून २०२२ चा रायझन ५ ५६०० बसवता आला. इंटेलवाल्याला तेवढ्या काळात बोर्ड बदलावा लागला. पण हेही त्या काळापुरतं; पुढेही तसंच होईल, असं धरून चालू नका.

पायरी पाचवी: विंडोज, मॅक की लिनक्स

यावर लोक जेवढे तावातावाने बोलतात तेवढे जेवणातल्या मिठावरही बोलत नाहीत. आपल्याकडे बहुतेकांची पहिली ओळख एमएस-सीआयटीत विंडोज आणि वर्डशी होते, आणि मग कॉम्प्युटर म्हणजे विंडोज हे डोक्यात पक्कं बसतं. त्यात वाईट काही नाही. पण दुसरं बघायला पैसे पडत नाहीत.

लिनक्स चाखायचं असेल तर असं करा. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. लिनक्स मिंट किंवा उबुंटूची आयएसओ फाइल त्यांच्या अधिकृत साइटवरून उतरवा. रूफस नावाचं छोटं मोफत साधन वापरून ती पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल, ते लक्षात ठेवा. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) दाबून पेनड्राइव्ह निवडा. आता अख्खी सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालेल. तुम्ही स्वतः 'इन्स्टॉल' दाबत नाही तोवर तुमच्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर बोलतो का, ते बघा. आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, मशीन पुन्हा चालू करा, विंडोज जसंच्या तसं. तिसऱ्या पायरीत अडकलेल्या जुन्या मशीनला हाच उतारा.

मराठी टायपिंगसाठी एक आग्रह मात्र मी धरतो. इनस्क्रिप्ट शिका. हा कीबोर्ड विंडोजमध्ये आहे, मॅकमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, फोनवरही मिळतो. बोटांना एकदा वळण लागलं की कोणत्याही कंपनीच्या मशीनवर बसा. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणं पहिल्या दिवशी सोपं वाटतं. इनस्क्रिप्टला पंधरा दिवस शिव्या द्याव्या लागतात, नंतर हात आपोआप चालतो.

पायरी सहावी: आत शिरण्याआधी बाहेरचं दार बघा

माझ्या वडिलांच्या मित्राने १९९७-९८ च्या सुमारास गावच्या वाचनालयाचा इतिहास टाइप करून घेतला होता. दीडशे पानं. छापायच्या आधी पैसे संपले, फाइल फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेनड्राइव्हवर फिरत राहिली. काही वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली. उघडली तर रोमन अक्षरं, टिंबं आणि चित्रविचित्र खुणांचा नुसता काला. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक कंपनीची संकेतांची रीत वेगळी. 'क' कुठल्या आकड्यावर बसवायचा हे ज्याने त्याने आपापलं ठरवलेलं. तो फॉन्ट नसेल तर मजकूर असून नसल्यासारखा. नेमका फॉन्ट शोधायला दोन आठवडे गेले, मग युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे एकच असलेल्या संकेतांत, बदलणारं साधन, आणि नंतर जोडाक्षरं हाताने दुरुस्त करायला महिना.

पुण्या-मुंबईच्या छापखान्यांतून अशा किती दिवाळी अंकांच्या फाइली पडून असतील, विचार करवत नाही. पानं जुळवायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती, ७, २००१ सालची. तरी कितीतरी डीटीपीवाले जुनं विंडोज जपून ठेवून तिच्यावरच काम करत राहिले, कारण आयुष्यभराचं काम त्या फाइलींत आणि त्या फॉन्टांत कोंडलेलं. त्यांना कोणी कंपनीनिष्ठ म्हणत असेल, तर ती निष्ठा नव्हे, नाकेबंदी आहे.

म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर किंवा सेवा वापरायला लागण्याआधी बघा, की यातून माझा माल बाहेर कसा काढायचा. मजकूर युनिकोडमध्येच हवा. दस्तऐवज ओडीटी किंवा डॉकएक्समध्ये, आणि पक्कं झालेलं पीडीएफमध्येही. लिब्रेऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि दोन्ही उघडतं. घरगुती कामाला आणि कॉलेजच्या रिपोर्टाला पुरतं. गुंतागुंतीच्या एक्सेल शीटा मात्र एक्सेलमध्येच नीट चालतात, हे कबूल करायला हवं.

कंपनी आपल्याशी निष्ठा ठेवते का, तर इतिहास बघा. गूगलची ऑर्कुट ही सोशल साइट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली. गूगल रीडर २०१३ मध्ये गेलं, पिकासा २०१६ मध्ये. अडोबीने २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या भाड्याने द्यायला सुरुवात केली; एकदाच पैसे भरून मालक व्हायचे दिवस तिथे संपले. मायक्रॉनने २०२५ च्या डिसेंबरात आपल्या क्रुशियल या रॅम-एसएसडीच्या ब्रँडचं किरकोळ ग्राहकांचं दुकान आवरत असल्याचं जाहीर केलं. मी स्वतः पंधरा वर्षं लोकांना डोळे झाकून क्रुशियल घ्या म्हणत होतो!

वर्षातून एक दिवस ठरवा. मी दिवाळीनंतरचा रविवार धरतो. त्या दिवशी गूगल टेकआउटमधून (गूगलवरचा आपला माल उतरवून देणारी सेवा) सगळं उतरवायचं, फोनमधले फोटो काढायचे आणि एका बाहेरच्या डिस्कवर ठेवायचे. ती डिस्क कॉम्प्युटरच्या बॅगेत ठेवू नका. बॅग चोरीला गेली की दोन्ही जातात.

पायरी सातवी: दुकान, बिल आणि सर्व्हिस सेंटर

"कोणत्या कंपनीची सर्व्हिस चांगली?" हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या गावात, ते सांगा. एकाच कंपनीची पुण्यातली आणि लातुरातली सेवा म्हणजे दोन वेगळ्या कंपन्या समजा. दुकानात जाण्याआधी तुमच्या जिल्ह्यातल्या सर्व्हिस सेंटरवर एकदा स्वतः जाऊन या. बाहेर किती जण थांबलेत, त्यांचे चेहरे कसे आहेत, ते बघा. घरी येऊन दुरुस्त करणारी ऑनसाइट वॉरंटी तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे कंपनीच्या फोनवर विचारून घ्या. मी एकदा हे न विचारता घेतलं आणि दोन बिघडलेल्या बटणांसाठी मशीन शंभर किलोमीटर नेऊन दिलं. तीन वेळा.

बिल पक्कं घ्या. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे, म्हणून "बिल नको असेल तर कमी करतो" हे आमिष मोठं दिसतं. पण वॉरंटीचा वाद झाला की बिलावाचून उभं राहायला जागा नाही. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर असावा, आणि तो डब्यावरच्या व मशीनच्या पोटावरच्या नंबराशी तिथेच ताडून पाहावा. ऑनलाइन मागवलं तर डबा उघडताना अखंड व्हिडिओ काढा. तक्रार कोणी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आपल्याकडे दसऱ्याचा मुहूर्त साधायची हौस असते. साधा, पण मॉडेल आधीच ठरवून ठेवा आणि त्याची किंमत महिनाभर लिहीत राहा. सेलमध्ये खोडलेली 'मूळ किंमत' बहुतेकदा कोणीच कधी मोजलेली नसते.

पायरी आठवी: पहिला आठवडा

बदलून घ्यायची मुदत थोड्या दिवसांची असते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मशीनला राबवा. सगळी बटणं, सगळी पोर्टं, कॅमेरा, माइक. काळं आणि पांढरं चित्र पूर्ण पडद्यावर लावून मेलेले ठिपके शोधा. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी आजपासूनच सुरू झालीय ना ते पाहा. दुकानात सहा महिने पडलेल्या मशीनची तारीख मागची निघू शकते, आणि मग बिल दाखवून ती दुरुस्त करून घ्यावी लागते.

विंडोज ११ असेल तर एक गोष्ट विसरू नका. आजकालच्या अनेक मशीनांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली, म्हणजे बिटलॉकरचा ४८ आकडी नंबर, तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये हात घातला, की मशीन तो नंबर मागतं. खात्याचा पासवर्ड विसरलात तर स्वतःच्या घराबाहेर उभे राहाल. तो नंबर आजच कागदावर उतरवा आणि रेशन कार्ड ठेवता तिथे ठेवा.

पुतणीने शेवटी घेतलेल्या लॅपटॉपचं नाव मी लिहिणार नाही, नाहीतर तेवढंच वाचून तुम्ही दुकानात जाल. थोरल्या काकांचा २०१२ चा लॅपटॉप मात्र अजून चालतो. बिजागराजवळ मी दोन पट्ट्या ठोकल्या, आत एसएसडी घातली, लिनक्स मिंट चढवलं आणि जुना मॉनिटर जोडून दिला. रोज सकाळी ते त्यावर पंचांग बघतात, ईपेपर वाचतात. झाकणावर जिथे कंपनीचं नाव आहे, तिथे त्यांनी इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवली आहे. दर काही महिन्यांनी ती सुटते, आणि ते नवीन चिकटवतात.